हस्त सरल्यावर

आमच्या घरमालकांच्या घरात भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी आभाळाची परवानगी लागायची. आम्ही तिथं राहायला गेलो ते आषाढात. पहिल्याच संध्याकाळी मी घड्याळ लावायला हातोडी घेतली, तर पहिल्या ठोक्याला मालक दारात हजर. डोक्यावर टोपी, काखेत छत्री आणि चेहरा असा, की कुणीतरी गेल्याची बातमी घेऊन आलेत.

"ताई, भिंत भिजल्याली हाय. आता खिळा मारला तर गिलाव्याचा पोपडा निघंल."

"मग घड्याळ कुठं लावू?"

"हस्त सरल्यावर लावू की. कुटं पळून चाललंय?"

नक्षत्रं मला नवी नव्हती. मी लातूरकडची, शेतकऱ्याचीच मुलगी. पण आमच्याकडं नक्षत्र बघतात ते पेरणीला, खिळ्याला नाही. आणि हस्त म्हणजे पावसाळ्याचं शेवटचं दांडगं नक्षत्र. ते सरायला नवरात्र उजाडतं. तोवर आमचं घड्याळ कपाटावर उताणं पडून राहिलं. किती वाजले ते बघायला स्टुलावर चढावं लागायचं. नवरा शिफ्टला निघताना रोज स्टुलावर चढून मालकांच्या नावानं काहीतरी पुटपुटायचा.

हस्त सरला आणि मालक स्वतःच खिळा घेऊन आले. भिंतीला गाल लावून, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. ओल बघायची त्यांची ही पद्धत होती. हाताला कळत नाही, हात राकट झालेला असतो, गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग मान हलवून म्हणाले, "आता मारा." खिळा लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि पोपडा काही निघाला नाही. मला फार राग आला, कारण त्यांचं बरोबर निघालं होतं. त्यांचं नेहमी बरोबरच निघायचं.

तळवड्याच्या अलीकडं जुन्या गावठाणात त्यांचं घर होतं. खाली भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ, वर मालक आणि मालकीणबाई. जिना बाहेरून, उभा, उघड्यावरचा. मी जवळच एका लहान कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते आणि नवरा चाकणला कंपनीत. सगळे भाडेकरू त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही मालकच म्हणते.

जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा मालक ऐन उमेदीत होते. जिथं त्यांची ज्वारी यायची तिथं आता एका कंपनीची लांबलचक भिंत आहे आणि आत कंटेनर उभे असतात. गावातल्या इतरांनी गाड्या घेतल्या, हॉटेलं काढली, कुणी राजकारणात शिरलं. मालकांना यातलं काहीच जमलं नाही. त्यांना एकच गोष्ट येत होती, आभाळ बघून काम ठरवणं. आणि आता ठरवायला कामच नव्हतं. मग त्यांनी ती सगळी विद्या विटा-सिमेंटाला लावली. पाया खोदायचा तो दिवाळीनंतर, जमिनीला वाफसा आला, म्हणजे ओल बेताची झाली की. स्लॅब टाकायचा तो माघात, ऊन डोक्यावर यायच्या आत. गच्चीच्या भेगा बुजवायच्या त्या मात्र वैशाखात, कारण "भेग उनातच त्वांड उघडती, तवाच तिला औषद पाजायचं." गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उभ्या होत्या, त्यांना ते दर वर्षी रोहिणीच्या आधी सिमेंटचं पाणी चोपडत. तो पुढचा मजला काही कधी चढला नाही.

स्लॅबवर पाणी ठेवायला सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालतात, तसे वाफे मालक दुसऱ्यांच्या स्लॅबवरही घालून द्यायचे. गल्लीत कुणाचाही स्लॅब पडला की दुसऱ्या सकाळी मालक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाण्याची नळी घेऊन वर. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडत, अनवाणी. कुणी विचारलं कुठं चाललात, तर सांगायचे, "दारं धराया." शेतात पाणी धरणारा माणूस सांगेल तसंच. त्या वेळी त्यांचा चेहरा मी बघितला आहे. एवढा सुखी माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि ते बघून मला का कोण जाणे, वाईटच वाटायचं.

त्यांच्या या शहाणपणाचा लोकांना जाच मात्र फार व्हायचा. त्यांचा मुलगा पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहत होता. एकदा आषाढात मालक त्याच्याकडं गेले, तर इमारतीला बाहेरून रंग देणं चाललेलं. मालक थेट सोसायटीच्या ऑफिसात. तिथल्या मॅनेजरला म्हणाले, "भिजल्या अंगाला कुनी पावडर लावतं का?" मॅनेजरनं मुलाला फोन केला, मुलाला कामावरून यावं लागलं. त्यानं बापाला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, थेट घरापर्यंत सोडा. पुढच्या वर्षी त्या रंगाचे पापुद्रे सुटले, हे मालकांनी मला निदान चार वेळा सांगितलं. मुलानं बापाला परत सोसायटीत बोलावलं नाही, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. ते मला मावशींकडून कळलं.

मावशी म्हणजे मालकीणबाई. गुडघे पार गेलेले, त्यात दमा. मी राहायला गेले तेव्हा त्या कठड्याला धरून, एकेक पायरी बसत-उठत खाली यायच्या. वर्षभरात ते बंद झालं. मग त्या वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून खालच्या जगाशी संसार करायच्या. दोरीला बांधलेली परडी खाली सोडायच्या. तिच्यात भाजी वर जायची, कुणाच्या पोरासाठी आवळ्याची सुपारी खाली यायची. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तरी तो बंद केला नाही, हे त्या वरून ओरडून सांगायच्या. खाली बायका गहू निवडत बसल्या की मावशी कठड्यावरून इतक्या वाकायच्या की मी खालून, मागं व्हा, म्हणून ओरडायचे.

"काय चाललंय गं? मोट्यानं बोला की. मला बी ऐकू द्या."

माणसांची एवढी भूक असलेली बाई मी बघितली नाही. त्यांचं मागणं एकच होतं. खाली, अंगणाच्या बाजूला, एक खोली. उंबरा ओलांडला की माणसांत. बाकी काही नको.

आणि मालक ती खोली बांधणार होते. नाही म्हणाले असते तर मावशी निदान भांडल्या असत्या. पण मालक त्या खोलीशिवाय दुसरं काही बोलायचेच नाहीत. अंगणाच्या कडेला जागा रिकामी होती. सकाळी उठून ते त्या जागेत उभे राहायचे आणि ऊन कुठवर आलं ते बघून चुन्याची रेघ मारायचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "थंडीत ऊन हितनं शिरतं. पलंग हितं आला तर सकाळचं ऊन तिच्या पायावर पडंल. गुडघं शेकून निघतील." मग उन्हाळ्यातला वारा बघायचा होता, मग पावसाची झड कुठून येते ते. जागेनं माणसाला एक वर्ष बघावं आणि माणसानं जागेला, मग खोदावं, असा त्यांचा हिशेब. पहिलं वर्ष असं उन्हाच्या रेघा मारण्यात गेलं.

मावशी वरून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माज्याशी लगीन करायच्या आदी बी हे आमच्या दारात वर्सभर बसलं असतील बघ. ऊन कुटनं येतंय, झड कुटनं येती." आणि हसता हसता त्यांना खोकला लागला, तो लवकर थांबेना.

मी भांडखोर आहे. मी मालकांना तोंडावर म्हणाले, "पत्र्याची खोली टाका ना. आठवड्यात उभी राहते."

"पत्र्यात उनाळ्यात भाजून निगंल ती. आन पावसाच्या आवाजानं डोळा लागायचा न्हाई तिचा."

"मग आमची खोली घ्या. आम्ही वर जातो."

यावर ते गंभीर झाले. उठून आमच्या खोलीत आले, मागच्या भिंतीला गाल लावला, डोळे मिटले. "न्हाई. ही मावळतीची भिंत. समदा पाऊस हिला बडवतो. तिला दमा हाय."

"आणि आम्हाला चालते होय ही भिंत?"

"तुमी तरणी हाय," मालक म्हणाले आणि काखेतली छत्री सावरत निघून गेले. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी चिडला आणि मग दोघंही हसत सुटलो. पण त्या हसण्यातही मला एक गोष्ट खुपत राहिली. त्यांचं प्रत्येक नाही हे मावशींच्या काळजीतून यायचं. एकही कारण खोटं नव्हतं, एकही आळसाचं नव्हतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मध्ये मुलगा आला आणि आईला घेऊन गेला. लिफ्ट होती, खाली बाग होती, बाकं होती. आम्हाला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण थोड्याच दिवसांत रिक्षा परत दारात. चार भाडेकरूंनी त्यांना खुर्चीवरून वर नेलं. मी विचारलं, करमलं नाही का? तर म्हणाल्या, "लिपटनं खाली ग्येलं तरी वळखीचं कोन हाय तितं? समदी कानात काय काय घालून फिरत्यात. माजी खोली हुईल आता. ह्यांनी ऊन बगून ठेवलंय."

त्यांचा विश्वास होता, हे सांगितलंच पाहिजे. आम्ही बायका खाली मालकांची टिंगल करायचो, पण मावशी त्यात कधी सामील झाल्या नाहीत. स्वतः थट्टा करायच्या, दुसऱ्यानं केलेली चालायची नाही.

त्या दिवाळीनंतर मालकांनी खरोखर पाया खोदला. सोलापूरकडचा एक गवंडी होता, मालकांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेला, त्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा. दगडी जोतं उठलं, आत मुरूम भरला, म्हणजे भरणी केली, जड धुमसानं ठोकून मुरूम दाबला, पाणी सोडलं, परत दाबला. मावशी गॅलरीतून सगळं बघत होत्या. लहान पोरीसारख्या खुश. माघ लागला, आणि आता विटा येणार म्हणून आम्ही वाट बघतोय, तर काम बंद.

मी विचारायला गेले. मालक जोत्यावर बसून मुरूम हातानं चाचपत होते.

"ताई, भरणीनं एक पावसाळा खाल्ला पायजे. पावसाचं पानी वरनं पडून मुरूम बसतो, तसा धुमसानं बसत न्हाई. कच्च्या भरणीवर फरशी केली तर खचती, भिंती चिरत्यात. मंग तिला त्याच खोलीत गवंड्यांची धूळ खात बसावं लागंल."

"अहो, पण आणखी एक वर्ष?"

"वर्स कुटलं? हस्त सरला की भिंती घेतो. दिवाळीला ती खाली."

जुनी माणसं असं करत, हे मलाही नंतर इतरांनी सांगितलं. भरणीला एक पावसाळा दाखवायचा ही त्या भागातली जुनी रीतच. ज्यांना घाई नसते अशा लोकांची रीत.

उन्हाळ्यात मात्र एक गंमत झाली. मावशींनीच काढली ती. म्हणाल्या, भिंती न्हाई तर नसू द्या, जागा तर हाय ना? आणि मग रविवारी, ज्याला सुट्टी असेल ते भाडेकरू त्यांना खुर्चीसकट खाली आणायचे आणि जोत्यावर नेऊन ठेवायचे. मावशी बरोबर त्या कोपऱ्यात बसायच्या जिथं पलंग येणार होता. येणाऱ्या बाईला सांगायच्या, "ये, ये. आगं, तिकडनं न्हाई, तितं भिंत हाय. दारानं ये." आणि दार कुठं येणार ते मालकांनी दोन दगड ठेवून दाखवलेलं असायचं. बायका खरंच त्या दोन दगडांच्या मधून यायच्या. आम्ही तिथं गहू निवडले, चहा प्यायलो. माझ्या आईचा फोन आला की मी तो मावशींना द्यायचे, मग दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसायच्या. मालक लांब उभे राहून बघायचे. त्यांची नजर आमच्याकडं कमी आणि मुरुमाकडं जास्त असायची.

पाऊस लागला आणि खाली येणं बंद झालं. जिना निसरडा, खुर्ची धरून चौघं उतरायचे म्हटलं तर एकाचा पाय घसरला की संपलं. मावशी वर अडकल्या. जोत्यावर गवत उगवलं. मालक छत्री धरून रोज त्या गवतात उभे राहायचे, पाण्याचं डबकं कुठं साचतं ते बघायचे आणि तिथं आणखी मुरूम टाकायचे. पावसाची ती झड भरणीत मुरताना बघून त्यांना बरं वाटत होतं. आणि तीच ओल वरच्या खोलीत मावशींच्या छातीत चालली होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

श्रावणात एकदा मी वर गेले होते. मावशी उशांना टेकून बसल्या होत्या, बोलताना मध्येच थांबत होत्या. म्हणाल्या, "पोरी, एक सांग. मला भिंती बगाया मिळत्याल का गं?"

मी काहीतरी बोलले, मिळतील हो, दिवाळी काय लांब आहे, असलं. मागं वळले तर दारात मालक. हातात औषधाची पिशवी. त्यांनी ऐकलं होतं. पिशवी तिथंच ठेवून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सकाळीच गवंडी आला, मालकांनी बोलावलं होतं. मी ऑफिसला निघाले होते, ती थांबलेच. मालक म्हणाले, "भिंती घ्यू." इतकंच. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

गवंडी जोत्यावर चढला, टाचेनं मुरूम दाबून बघितला. टाच आत गेली. तो संकोचून म्हणाला, "मालक, भरणी बसली न्हाई की अजून. अर्धाच पावसाळा खाल्लाय तिनं. तुमीच म्हनता, भिंत चिरंल."

"चिरली तर चिरली!" मी म्हणाले. "नंतर पाडा आणि परत बांधा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पहिल्यांदाच असं वाटलं की त्यांना कुणीतरी हात धरून पलीकडं न्यावं असं हवंय. मग त्यांनी गवंड्याकडं बघितलं. गवंडी खाली मान घालून उभा. त्यानं जे सांगितलं ते मालकांनीच त्याला शिकवलेलं होतं. मालक वाकले, मुरुमाची मूठ घेतली, दाबली. मुठीतून पाणी गळालं.

"व्हय," ते म्हणाले. "कच्ची हाय. हस्त सरल्यावर ये."

मला आजही त्या सकाळचा राग येतो. आमचं आता मोशीला स्वतःचं घर आहे; तिथं मी भर पावसात खिळे ठोकते, मुद्दाम ठोकते. एक भिंत चिरली असती तर काय झालं असतं? लोकांच्या भिंती चिरतात, लोक त्यावर कॅलेंडर लावतात आणि जगतात. पण मालकांना चिरलेली भिंत तिच्या डोळ्यांपुढं ठेवायची नव्हती. मी हे समजून घेते आणि समजून घेऊनही राग जात नाही.

मावशी गेल्या त्या हस्तातच. दुपारी गेल्या, वरच्या खोलीत. बाहेर धो धो पाऊस. मुलगा वाटेत अडकलेला, पाहुणे यायचे होते. जिन्यावरून खाली आणायचं आणि तयारी होईपर्यंत कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. भाडेकरूंच्या खोल्या दहा बाय दहाच्या, सामानानं भरलेल्या. अंगणात पाणी. कुणीतरी म्हणालं, जोतं आहे की. उंच आहे, पाणी लागणार नाही.

भाडेकरूंनी बांबू रोवले. कुणाच्या तरी वाढदिवसाचे मोठे फ्लेक्स कुठून तरी आणले आणि ते वर ताणले. खाली गवतावर चटई टाकली. चौघांनी मावशींना खुर्चीवरून आणतात तसंच जपून जिन्यावरून आणलं, फक्त या वेळी खुर्ची नव्हती. जोत्यावर चढले आणि टेकवणार, तोच मालक म्हणाले, "थांबा."

ते गुडघ्यांवर बसले. टोपी काढली. चटई बाजूला सारली आणि गवतात, मुरुमावर गाल टेकवला. डोळे मिटले. सगळे तसेच उभे, त्या चौघांचे हात भरून आलेले, वर फ्लेक्सवर पाऊस वाजतोय.

"ओली हाय," मालक म्हणाले. गालाला लाल चिखल लागला होता. "हितं न्हाई ठिवायची. तिला बाधंल."

गावातल्या एका वयस्कर माणसानं हळूच सांगितलं, "आवं, भुईवरच ठिवायचं असतं."

"ओलीवर न्हाई ठिवायची." तोच आवाज, तेवढाच. "पलंग आना."

मग माझ्या नवऱ्यानं आणि आणखी एकानं वरून पलंग आणला. तो त्यांनी मधोमध ठेवला. मालक उठले आणि एकट्यानं पलंग ओढू लागले. कोपऱ्यात नेला. एक बोट इकडं, दोन बोटं तिकडं, असा सरकवला, पायथा उगवतीकडं. कुणीतरी म्हणालं, पाय दक्षिणेला पाहिजेत. मालकांनी ऐकलंच नाही. "हितं," ते म्हणाले. "हितनं ऊन येतं."

चौघांनी मावशींना पलंगावर ठेवलं. बायका एकेक करून आल्या. मी बघितलं, भर पावसात, अंगावर पाणी घेत, प्रत्येक जण त्या दोन दगडांच्या मधूनच आत येत होतं. मलाही कळायच्या आत मी तिथूनच आले होते. आणि तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

पाऊस नंतर दोन-चार दिवसांत गेला. आभाळ धुतल्यासारखं झालं. दसरा होऊन गेला, लोकांनी गच्च्यांवर गाद्या वाळत घातल्या. गल्लीत दोन ठिकाणी कामं सुरू झाली, सिमेंट कालवायच्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली. आणि एका सकाळी ठरल्याप्रमाणे गवंडी आला. पिशवीत थापी, ओळंबा, दोरीचं बंडल. त्याला मावशींचं कळलेलं होतं. तो आला होता, कारण त्याला ये म्हणून सांगितलेलं होतं.

मालक जोत्यावर त्या कोपऱ्यात बसले होते, उघडी छत्री डोक्यावर धरून. ऊन असं कडक होतं की छत्रीची सावली काळीभोर पडली होती. गवत सुकून पिवळं झालं होतं. गवंड्यानं टाचेनं मुरूम दाबून बघितला. टाच आत गेली नाही. भरणी दगडासारखी बसली होती.

"मालक," तो म्हणाला, "दोरी लावू का?"

मालकांनी छत्री थोडी कलती करून आभाळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. एक ढग नव्हता कुठं.

"हस्त सरू दे," ते म्हणाले. "मंग बगू."

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ज्या माणसानं जन्मभर एक नक्षत्र चुकवलं नव्हतं, त्याला हस्त कधीच सरलाय, हे सांगायचं कुणी? मी नाही सांगितलं. गवंड्यानं हातातली दोरी परत गुंडाळून पिशवीत घातली.

"बरं, मालक," तो म्हणाला. आणि जाताना त्या दोन दगडांच्या मधून बाहेर पडला.